इलेक्ट्रिक गिटार रिपेअर करायची की नाही, हे असं ठरवा

गिटारचा आवाज गेला म्हणून लगेच नवीन बघायला निघू नका, आधी केबल आणि अँप (अँप्लिफायर) बदलून बघा, कारण बऱ्याचदा गडबड तिथेच असते. तरी आवाज नाही? मग व्हॉल्यूम फुल करून स्क्रूड्रायव्हरचं टोक पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या चुंबकी पट्टीवर, हलकेच टेकवा, अँपमधून टक् असा आवाज आला तर पिकअप जिवंत आहे. जॅक, म्हणजे केबल खुपसायची जागा, हलवला की आवाज येतो-जातो असं असेल तर आतली वायर सुटलीय किंवा जॅकची पत्ती सैल झालीय, दोन्ही किरकोळ कामं. नॉब फिरवताना खरखर होते ती पॉटमधल्या (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा पार्ट) धुळीची, आपल्या मुंबईच्या दमट हवेत तर होणारच, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब पाचदहा वेळा फिरवा. पॉट, जॅक, स्विच लॅमिंग्टन रोडला मिळतात, फक्त जुना पार्ट सोबत न्या, साईज चुकते हो.

खरा प्रश्न नेकचा, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचा. जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एकदम दाबा आणि मधल्या फ्रेट्स आणि तार यांच्यातली गॅप बघा, अगदी केसाएवढी असेल तर उत्तम, जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, ॲडजस्ट करून बहुतेक वेळा सरळ होते, पण रॉडच तुटला असेल किंवा नेक पिळली असेल आणि गिटार स्वस्तातली असेल तर सोडून द्या. हेडस्टॉक, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असलेलं नेकचं टोक, मोडलाय तर घाबरू नका, ताजी स्वच्छ चीर लाकडाच्या ग्लूने आणि क्लॅम्पने मस्त जुळते, मात्र घरी घाईत फेविक्विक ओतू नका प्लीज, नंतर कारागिरालाही ते नीट जोडता येत नाही.

खर्च तशाच सेकंडहँड गिटारच्या निम्म्यावर गेला तर मी नाही म्हणेन, पण पहिल्या पगारातून घेतलेली असेल तर बिनधास्त करा.