दोन काल्पनिक सैन्यांची अटीतटीची लढाई टेबलावर कशी लढवावी

मिनिएचर वॉरगेम या खेळात आखलेला पट नसतो. मोकळ्या टेबलावर इंचांत अंतर मोजून छोट्या रंगवलेल्या सैनिकांच्या तुकड्या हलवायच्या आणि त्यांच्या झुंजींचा निकाल फाशांनी लावायचा, असे त्याचे स्वरूप असते. त्याचे मूळ लष्करी शिक्षणात आहे: प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने वडिलांच्या कल्पनेवर काम करून १८२४ मध्ये अधिकाऱ्यांसाठी युद्धखेळाचे नियम छापले. एल्फ, ऑर्क, बुटके आणि मृतांच्या फौजा यांच्या लढाया मात्र ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या वॉरहॅमर या खेळामुळे लोकप्रिय झाल्या. आज त्याच परंपरेतील द ओल्ड वर्ल्ड हा २०२४ मध्ये आलेला खेळ आणि मँटिक गेम्सचा किंग्ज ऑफ वॉर हे दोन्ही रांगांत उभ्या राहणाऱ्या तुकड्यांचे खेळ मोठ्या प्रमाणावर खेळले जातात, आणि पुढील विवेचन अशाच खेळांसाठी आहे.

असे डाव पुष्कळदा तिसऱ्या फेरीतच एकतर्फी होतात आणि त्याचा दोष फाशांवर ढकलला जातो. फाशांचा वाटा असतोच. परंतु डाव शेवटच्या फेरीपर्यंत रंगणार की नाही, हे मुख्यतः टेबलाची मांडणी, तुकड्यांमधील अंतर आणि गुणांचा हिशेब यांवर ठरते, आणि या तिन्ही गोष्टी खेळाडूंच्या हातातल्या आहेत.

पहिली पायरी: सैन्ये जुळवणे

प्रत्येक तुकडीला नियमपुस्तकात गुणांत किंमत दिलेली असते आणि दोन्ही सैन्ये समान गुणांची घ्यायची असतात. नेहमीचा मोठा डाव २००० गुणांचा असतो, पण नियम अंगवळणी पडेपर्यंत १००० गुण पुरेसे आहेत, कारण कमी तुकड्यांमध्ये प्रत्येक चाल नीट विचार करून खेळता येते. गुण समान असले म्हणजे सैन्ये तुल्यबळ झाली असे मात्र होत नाही. एका बाजूने सगळे गुण तोफा आणि धनुर्धरांवर खर्च केले आणि दुसऱ्या बाजूने संथ पायदळावर, तर डाव सुरू होण्यापूर्वीच निकाल जवळपास लागलेला असतो. म्हणून एकाच ड्रॅगनवर किंवा एकाच वीरावर सैन्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक गुण खर्च करायचे नाहीत, असा साधा करार दोघांनी आधी करावा. याद्या एकमेकांना दाखवाव्यात आणि समोरच्या सैन्याच्या विशेष क्षमता विचारून घ्याव्यात. तिसऱ्या फेरीत अचानक उघड झालेल्या एखाद्या जादुई शस्त्रामुळे जिंकलेल्या डावात जिंकणाऱ्यालाही फारसे समाधान मिळत नाही.

दुसरी पायरी: रणभूमी

बहुतेक डाव सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबलावर होतात. दोन्ही सैन्ये आपापल्या लांब कडेपासून बारा इंचांच्या आत उभी राहिली, तर मध्ये चोवीस इंच मोकळी जागा उरते. ही जागा पूर्ण उघडी ठेवली तर दूरवर मारा करणाऱ्या सैन्याला फुकटचा फायदा मिळतो, आणि ती जंगले व पडक्या वाड्यांनी भरून टाकली तर रांगांतील तुकड्या अडकून पडतात. सहा ते आठ घटक पुरे होतात. त्यांपैकी एक, नजर पूर्णपणे अडवणारी टेकडी किंवा इमारत, मध्यभागाच्या जवळ पण नेमक्या मध्यावर नाही अशी ठेवावी. दोन घटकांमधील वाट मोजून ठेवावी: २५ मिलिमीटरच्या बेसवरील, म्हणजे पायाखालच्या बैठकीवरील, पाच सैनिकांची रांग सुमारे पाच इंच रुंद होते आणि वळण्यासाठीही जागा लागते, म्हणून आठ इंचांपेक्षा अरुंद वाट ठेवू नये. एकाने रणभूमी मांडावी आणि बाजू दुसऱ्याने निवडावी; मांडणी आपोआप न्याय्य होते. कोणत्या जंगलातून पलीकडचे दिसते, कोणत्या कुंपणाचा आडोसा मिळतो, टेकडीची कड कोठे संपते, हे सर्व पहिला फासा पडण्यापूर्वी बोलून ठरवावे.

तिसरी पायरी: फळी उभी करणे

तुकड्या सहसा आळीपाळीने मांडल्या जातात, त्यामुळे प्रत्येक तुकडी ठेवताना आपण प्रतिस्पर्ध्याला थोडी माहिती देत असतो. ज्या तुकडीच्या जागेवरून बेत उघड होत नाही, ती आधी ठेवावी: वेगवान हलके घोडदळ, टेहळे, मध्यभागी उभे राहणारच असलेले मोठे पायदळ. जड घोडदळ, राक्षस आणि सेनापती शेवटी ठेवावेत, म्हणजे समोरची फळी पाहून त्यांची जागा ठरवता येते.

संख्येने कमी पण दर्जाने वरचढ असलेल्या सैन्याने संपूर्ण टेबलभर पसरू नये. एक बगल रिकामी सोडून सगळे बळ दुसऱ्या बगलेवर एकवटले, तर शत्रूच्या दूरच्या तुकड्यांना लढाईपर्यंत पोहोचायला दोन-तीन फेऱ्या लागतात आणि तेवढा वेळ त्यांचे गुण निरुपयोगी असतात. ज्या प्रतिस्पर्ध्यासमोर अशी तिरकी फळी उभी राहते, त्याने आपल्या टोकाच्या तुकड्या सरळ पुढे न नेता पहिल्याच फेरीत मध्याकडे वळवाव्यात. पुढे जाऊन मग वळणे हे जवळजवळ नेहमीच उशिरा ठरते.

चौथी पायरी: अंतराचा खेळ

या खेळाचा खरा गाभा चढाईच्या, म्हणजेच चार्जच्या, अंतरात आहे, आणि येथे नियमपुस्तकातील छोटासा फरक मोठा परिणाम घडवतो. वॉरहॅमरच्या आठव्या आवृत्तीत चढाईसाठी तुकडीच्या चालीत, म्हणजे एका फेरीत तिला चालता येणाऱ्या इंचांत, दोन फाशांची बेरीज मिळवली जाई. द ओल्ड वर्ल्डमध्ये दोन फासे टाकून त्यांतील मोठा आकडा तेवढा मिळवला जातो. किंग्ज ऑफ वॉरमध्ये फासेच नाहीत. चालीच्या दुप्पट अंतर ठरलेले असते.

समजा चार इंच चालीचे पायदळ शत्रूपासून नऊ इंचांवर उभे आहे. त्याला फाशांवर किमान पाच हवेत. दोन फाशांच्या बेरजेत पाच किंवा अधिक येण्याची शक्यता सुमारे ८३ टक्के असते, तर दोहोंतील मोठा फासा पाच किंवा सहा असण्याची शक्यता केवळ ५६ टक्के. म्हणजे एका खेळात जवळपास हमखास असलेली चढाई दुसऱ्यात जेमतेम निम्म्या वेळा साधते, आणि किंग्ज ऑफ वॉरच्या धर्तीवर चालीची दुप्पट म्हणजे आठ इंच धरले, तर ती होतच नाही. आपल्या नियमांनुसार अशा चार-पाच शक्यता पाठ असणे फार उपयोगी पडते. बेरजेच्या पद्धतीत सात किंवा अधिकसाठी ५८ टक्के आणि नऊ किंवा अधिकसाठी २८ टक्के. मोठ्या फाशाच्या पद्धतीत चार किंवा अधिकसाठी ७५ टक्के आणि नेमक्या सहासाठी ३१ टक्के.

या आकड्यांचा उपयोग असा करावा. शत्रूच्या जड तुकडीच्या पुढे तुकडी नेताना ती अशा अंतरावर थांबवावी की शत्रूला चढाई करायची असेल तर त्याला वाईट शक्यतेवर पैज लावावी लागेल. त्याने पैज लावली आणि ती फसली, तर त्याची तुकडी बहुतेक नियमांत थोडी पुढे सरकून आपल्या चढाईच्या टप्प्यात येते. त्याने लावली नाही, तर एक फेरी आपल्याला मिळते. तुकडी ठेवताना हेतू मोठ्याने सांगावा, जसे की "ही तुकडी तुमच्या घोडदळापासून सोळा इंचांच्या बाहेर ठेवतो आहे", आणि समोरच्याकडून ते मोजून मान्य करून घ्यावे. पुढच्या फेरीत तुकडीखालचा ट्रे चुकून अर्धा इंच सरकल्यावरून होणारे बहुतेक वाद यामुळे टळतात.

पाचवी पायरी: आमिष आणि बगल

समोरासमोरच्या टकरीत तुल्यबळ तुकड्या एकमेकींना झिजवत राहतात. लढाई फुटते ती बगलेवर. किंग्ज ऑफ वॉरमध्ये बगलेवरून चढाई केल्यास हल्ल्यांची संख्या दुप्पट आणि पिछाडीवरून केल्यास तिप्पट होते. द ओल्ड वर्ल्डमध्ये झुंजीच्या निकालात बगलेसाठी एक आणि पिछाडीसाठी दोन गुणांची भर पडते. परंतु जागरूक प्रतिस्पर्धी बगल आपण होऊन देत नाही, ती काढून घ्यावी लागते.

त्यासाठी पाच हलक्या स्वारांची स्वस्त तुकडी शत्रूच्या जड तुकडीसमोर तिरपी उभी करावी. वॉरहॅमरच्या परंपरेत चढाई करणारी तुकडी लक्ष्याच्या कडेला समांतर होते, त्यामुळे स्वारांचा कोन जसा असेल तसे शत्रूला वळावे लागते. स्वार मारले जातील, हे गृहीत धरावे. ते मारल्यावर जड तुकडी त्याच दिशेने पुढे धावली, तर ती टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहते आणि तिची बगल आपल्या मुख्य पायदळासमोर उघडी पडते. कोन साधारण ४५ अंशांचा ठेवावा, आणि आपले पायदळ इतके मागे असावे की शत्रूला स्वारांना टाळून थेट त्याच्यावर जाता येणार नाही. शत्रूने आमिष घेतलेच नाही तरी स्वार त्याच्या वाटेत उभेच असतात, म्हणजे त्याची चाल अडलेली असते. किंग्ज ऑफ वॉरमध्ये ही युक्ती दुबळी पडते, कारण तेथे विजयी तुकडीला झुंजीनंतर तोंड फिरवता येते. तेथे स्वारांचा उपयोग वाट अडवण्यापुरता करावा.

अनेक खेळाडू स्वस्त तुकड्या वाचवत बसतात आणि सहाव्या फेरीत त्या धडधाकट असतात, मुख्य फौज मात्र संपलेली असते. साठ गुणांच्या स्वारांनी तीनशे गुणांच्या सरदारांना दोन फेऱ्या अडवले, तर त्यांचे काम झाले.

सहावी पायरी: झुंजीपूर्वीचा हिशेब

चढाई जाहीर करण्यापूर्वी सरासरी मनात काढावी. पंधरा हल्ले, लागण्यासाठी फाशावर चार किंवा अधिक, जखम होण्यासाठी चार किंवा अधिक, आणि शत्रूच्या चिलखताने जखम अडवण्यासाठी पाच किंवा अधिक: पंधराचे साडेसात, साडेसातचे पावणेचार, आणि चिलखतानंतर अडीच. अडीच बळींनी मोठी तुकडी सहसा मोडत नाही. मागच्या रांगा, निशाण आणि बगल यांचे गुण झुंजीच्या निकालात मिळवल्यावरच तो फिरतो.

मनोधैर्याचा हिशेबही करावा. वॉरहॅमरच्या जुन्या आवृत्त्यांत हरलेल्या तुकडीला दोन फाशांवर आपले मनोधैर्य किंवा त्याहून कमी आकडा टाकावा लागे आणि हार जितक्या गुणांची तितके मनोधैर्य घटे. आठ मनोधैर्याची तुकडी ७२ टक्के वेळा टिकते. दोन गुणांनी हरली तर सहावर, म्हणजे ४२ टक्क्यांवर येते. सैन्याचा ध्वजधारी जवळ असल्यामुळे फासे पुन्हा टाकता आले, तर हेच प्रमाण ६६ टक्के होते. ध्वजधारी कोठे उभा आहे, एवढ्यावरून एखादी फळी टिकते किंवा कोसळते. त्याला झुंजीत पुढे पाठवण्याचा मोह बहुधा टाळलेला बरा.

सातवी पायरी: शेवटच्या फेऱ्या

सहसा डाव सहा फेऱ्यांचा असतो. तिसरी फेरी संपताच दोघांनी कागदावर लिहावे: मारलेल्या तुकड्यांचे मिळालेले गुण, टेबलावरील उद्दिष्टांचे, म्हणजे ताब्यात ठेवायच्या जागांचे, गुण आणि धोक्यात असलेल्या तुकड्यांचे गुण. या क्षणापासून आघाडीवरच्या आणि पिछाडीवरच्या खेळाडूने वेगळे खेळायचे असते. आघाडीवर असलेल्याने जखमी तुकड्या मागे घ्याव्यात आणि निम्म्याहून कमी शक्यतेची कोणतीही चढाई करू नये, कारण प्रत्येक नवीन झुंज प्रतिस्पर्ध्याला परत येण्याची संधी देते. पिछाडीवर असलेल्याला सुरक्षित चालींचा काहीच उपयोग नसतो. त्याने लांब पल्ल्याच्या चढाया पत्कराव्यात आणि शत्रूची सर्वांत महाग जखमी तुकडी शोधावी.

समजा शेवटच्या फेरीत पिछाडी १२० गुणांची आहे आणि १५० गुणांची एक तुकडी ४२ टक्के शक्यतेच्या अंतरावर उभी आहे. आपली चाल डावातील अखेरची असेल, तर प्रत्युत्तराची भीती नसते. फसलेल्या चढाईची किंमत फार तर झुंजीतच पडते, आणि पिछाडी जशीच्या तशी ठेवून हरण्यापेक्षा ती चढाई करावीच. पण प्रतिस्पर्ध्याची अर्धी फेरी उरली असेल आणि आपले अडीचशे गुणांचे घोडदळ पुढे येऊन उघडे पडणार असेल, तर आधी त्याच्यापर्यंत कोणकोण पोहोचू शकते ते मोजावे. दुसऱ्या क्रमांकाने खेळणाऱ्याला मिळणारी ही अखेरची चाल उद्दिष्टांच्या डावांत इतकी मोलाची असते की पहिली फेरी कोणाची, हे ठरवताना सरसकट आधी खेळण्याचा आग्रह धरू नये. किंग्ज ऑफ वॉरमध्ये सहाव्या फेरीनंतर फाशावर चार किंवा अधिक आल्यास सातवी फेरी खेळली जाते. तेथे अखेरची चाल आपलीच, असे धरून चालता येत नाही आणि उद्दिष्टावर एकच दुबळी तुकडी ठेवून भागत नाही.

गुण मोजताना पळत असलेल्या तुकड्या मेलेल्या धरायच्या का, निम्म्याहून कमी उरलेल्या तुकडीचे अर्धे गुण मिळतात का, आणि किती गुणांच्या फरकापर्यंत डाव बरोबरीत मानायचा, हे नियमपुस्तकातून वाचून आधीच टिपलेले असावे. अटीतटीच्या डावात निकाल पुष्कळदा याच तीन प्रश्नांवर येऊन थांबतो.