वॉटर-टू-वॉटर हीट पंप: शिकायला सुरुवात पायपापासून करा

म्युनिकच्या आसपास जमिनीखाली गोटे-वाळूचा जाड थर आहे. त्यात पाणी भरपूर, आणि ऐन हिवाळ्यातही ते साधारण १० अंशांवर असतं. म्हणून इथे विहिरीच्या पाण्यावरचे हीट पंप बरेच दिसतात. एका बोअरमधून पाणी उपसायचं, त्यातली थोडी उष्णता हीट पंपाने काढून घर गरम करणाऱ्या पाण्याला द्यायची आणि तेच पाणी दुसऱ्या बोअरमध्ये सोडायचं. मी इथल्या एका डिझाइन ऑफिसात हीच कामं करतो. महाराष्ट्रातून मेकॅनिकल करून आलेली मुलं-मुली भेटली की पहिले प्रश्न मशीनचे असतात: रेफ्रिजरंट (मशीनमध्ये फिरून उष्णता वाहणारा द्रव-वायू) कुठलं, सीओपी (खाल्लेल्या विजेच्या किती पट उष्णता मिळते तो आकडा) किती? माझा आग्रह वेगळा आहे. मशीन कारखान्यातून तपासूनच येतं. ते घरात कसं चालणार, हे पायपिंग ठरवतं.

१० किलोवॉट उष्णता लागणारं घर घ्या. बॉयलरला सप्लाय-रिटर्नमध्ये, म्हणजे घरात जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाण्यात, २० अंशांचा फरक चालतो, म्हणजे ताशी सुमारे ४३० लिटर पाणी फिरवलं की काम झालं. हीट पंपाला हा फरक ५ अंशांच्या आसपास ठेवायचा असतो. तेवढ्याच उष्णतेसाठी मग ताशी सुमारे १,७२० लिटर लागतं, चौपट. हे पाणी २८ मिमीच्या तांब्याच्या पायपातून, म्हणजे आतल्या २५ मिमीतून न्यायचं तर वेग सेकंदाला जवळपास १ मीटर होतो आणि मीटरमागे ४०० पास्कलच्या वर दाब खर्च होतो. ३५ चा पाइप घेतला, आतला व्यास ३२, की तोच आकडा १३० च्या आसपास येतो. मीटरमागे १०० पास्कलच्या जवळपास राहायचं, हा इथला नेहमीचा अंदाज. तेव्हा ३५ च घ्यायचा. हे गणित सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर करा. हाताने केलं की सॉफ्टवेअरचा चुकीचा आकडा लगेच डोळ्यांत सलतो.

पुण्या-मुंबईत चिल्ड वॉटरच्या, म्हणजे एसीच्या थंड पाण्याच्या, लाइन काढलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. तिथेही पाणी ७ अंशांवर जातं, १२ वर परत येतं, फरक पाचच. माझ्या मते या कामासाठी बॉयलरपेक्षा चिल्ड वॉटरचा अनुभव जास्त मोलाचा आहे, आणि मुलाखतीत तो ठासून सांगावा. पाइपवर नायट्राइल रबरचं आवरण का, सांधे का चिकटवायचे, हे त्यांना माहीत असतं. विहिरीकडच्या थंड पायपालाही तळघरात तसाच घाम सुटतो.

विहिरीच्या बाजूला मात्र सगळं नव्याने शिकावं लागतं. सीओपी ५ धरला तर १० पैकी २ किलोवॉट विजेतून येतात आणि जमिनीतून ८ किलोवॉट काढायचे. फरक ३ अंशांचा ठेवला तर ताशी सुमारे २,३०० लिटर लागतात. १० अंशांचं पाणी ७ वर बाहेर पडतं, पण प्रवाह घटला की तेच गोठणाच्या जवळ येतं. प्लेट एक्स्चेंजरमध्ये (पातळ पत्र्यांतून पाण्याची उष्णता रेफ्रिजरंटला देणारा भाग) बर्फ झाला तर प्लेट फुटते, पाणी रेफ्रिजरंटमध्ये शिरतं आणि कॉम्प्रेसरच हातचा जातो. त्यामुळे प्रवाह घटला की मशीन बंद करणारा फ्लो स्विच कधीच वगळू नका. अनेक ठिकाणी मध्ये ग्लायकॉलचं (सहजी न गोठणारं द्रावण) वेगळं सर्किट घालतात. त्यात दोन-तीन अंश जातात, पण मशीन विहिरीच्या पाण्यापासून सुरक्षित राहतं.

दुसरी काळजी लोहाची. विरघळलेल्या लोहाला हवा मिळाली की त्याचा तांबूस गाळ होतो आणि परतीच्या बोअरची जाळी बुजते. म्हणून परतीच्या पायपाचं टोक कायम पाण्याखाली हवं. वरून धबधब्यासारखं पाणी सोडलं तर हवा ओढली जाणारच. परतीची बोअर भूजलाच्या प्रवाहाच्या खालच्या अंगाला घ्यायची, नाहीतर आपलंच थंड केलेलं पाणी पुन्हा उपसलं जातं. पाण्याचा रिपोर्ट आणि जल-विभागाची परवानगी ड्रिलिंगच्या आधी हातात हवी, हे वेगळं सांगायला नको.

विहिरीतला सबमर्सिबल पंप निवडताना हात आखडता ठेवा. १५ मीटर हेड (पाणी जितकं उंच ढकलण्याइतका दाब लागतो ते) आणि पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर तो २३० वॉटच्या पुढे खातो. कॉम्प्रेसर २ किलोवॉटचा, म्हणजे दहावा हिस्सा इथेच गेला.

घराच्या बाजूला खरी गंमत बफर टाकीत, म्हणजे गरम पाणी साठवणाऱ्या मधल्या टाकीत, आहे. चार तोंडांची टाकी मध्ये टाकली की मशीनकडचा आणि घराकडचा असे पाणी फिरवणारे दोन्ही पंप स्वतंत्र होतात, ही सोय आहेच. पण फ्लोअर हीटिंगचा पंप हीट पंपाच्या दुप्पट पाणी ओढत असेल, तर टाकीत रिटर्न मिसळतो: मशीन ४० देतं, फरशीखाली ३७.५ पोहोचतं. घरमालकाला थंडी वाजते, तो सेटिंग वाढवतो, आणि वाढवलेल्या प्रत्येक अंशामागे २-३ टक्के वीज जास्त जळते. फरशीखालच्या पायपांचे पुरेसे लूप कायम उघडे राहणार असतील तर टाकी सप्लायवर न घालता रिटर्नवर सिरीजमध्ये घालावी, असं माझं मत आहे.

ड्रॉइंगवर थर्मामीटरच्या जागा आणि स्ट्रेनरच्या (पाण्यातला कचरा अडवणारी जाळी) दोन्ही बाजूंना गेज दाखवायला विसरू नका. कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा पहिल्यांदा चालू करून तपासण्याच्या, दिवशी फिटरसोबत तळघरात थांबा. मशीन पूर्ण क्षमतेवर असताना सप्लाय-रिटर्नचा फरक ५ ऐवजी ८ दिसला, तर पाणी कमी फिरतंय. आधी स्ट्रेनर उघडा, मग हवा काढा, मग व्हॉल्व्ह बघा. पंपाचा वेग वाढवायचा तो या तिन्हींनंतर.