नागपूर सोडून पुण्याला जाताय? हिशेबातल्या या चुका टाळा

पुण्याची ऑफर आली की घरात, नातेवाइकांत, मित्रांत पहिला प्रश्न एकच असतो, "पगार किती वाढला?" आणि तिथेच हिशेब आडवाटेला लागतो. विचारायला हवं ते असं: सगळे खर्च भागल्यावर महिनाअखेरीला आज घरात किती उरतात आणि तिकडे गेल्यावर किती उरतील? एकट्याच्या पगारावरून याचं उत्तर मिळत नाही, अख्ख्या घराचा जमाखर्च मांडावा लागतो.

सीटीसीला पगार समजणं

ऑफर लेटरवरच्या आकड्यात, म्हणजे सीटीसीत (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च), कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) आणि व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा बदलता भाग) असं सगळं धरलेलं असतं. दर महिन्याला खात्यात किती जमा होतील, हे एचआरकडून लेखी घ्या. व्हेरिएबल हिशेबात शून्य धरा. सध्याच्या कायम नोकरीत साडेचार वर्षं होत आली असतील, तर रुजू व्हायची तारीख थोडी पुढे ढकलता येते का ते विचारा. ग्रॅच्युइटीसाठी साधारण पाच वर्षांची सलग नोकरी लागते आणि थोड्या दिवसांसाठी ती रक्कम सोडून देणं परवडत नाही.

"भाडं भरलं की एचआरएमुळे (घरभाडे भत्ता) कर वाचेल" हे गणितही तपासून पाहा. नव्या करप्रणालीत एचआरएची सूट नाही. २०२५-२६ पासून या प्रणालीत १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. पण नागपूरचा फ्लॅट भाड्याने दिलात, तर त्या भाड्यातून मालमत्ता कर आणि ३० टक्के वजावट गेल्यावर उरलेली रक्कम तुमच्या उत्पन्नात मिळवली जाते. पगार त्या मर्यादेच्या काठावर असेल, तर एवढ्यानेही कर सुरू होऊ शकतो.

घर दोन पगारांचं, हिशेब एकाचा

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बायकोची नोकरी "तिथे मिळेलच की" म्हणून गृहीत धरली जाते. नवऱ्याने बायकोच्या ऑफरमागे जायचं असेल, तर त्याच्या नोकरीचंही तसंच.

एक उदाहरण मांडू. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमचे घालून पाहा. नागपुरात मनीषनगरला स्वतःचा फ्लॅट, कर्ज फिटलेलं. त्याच्या हातात ६२ हजार येतात, ती खासगी शाळेत शिकवते, तिला २२ हजार. हिंजवडीच्या ऑफरमध्ये त्याला हातात ९० हजार मिळणार, म्हणजे २८ हजार जास्त. वाकडला टू बीएचके मेंटेनन्ससकट २८ हजार, नागपूरच्या फ्लॅटचं भाडं १२ हजार येईल. घराचा जादा बोजा १६ हजार. इथपर्यंत महिन्याला १२ हजार फायदा दिसतो आणि बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो.

आता तिचे २२ हजार वजा करा. नागपुरात लेकराला शाळेतून आणून जेवू घालणारे आजी-आजोबा आहेत, पुण्यात ती नोकरी शोधत असतानाही पाळणाघराचे ८ हजार धरा. महिन्याला १८ हजारांचा खड्डा पडला. सहा महिन्यांनी तिला २५ हजारांची नोकरी लागली, तरी नागपूरच्या तुलनेत महिन्याला ७ हजारच जास्त उरतात. तोवर १ लाख ८ हजार गेलेले असतात. सामानाची वाहतूक, दलाली, शाळेची नवी प्रवेश फी, पडदे-कपाटं मिळून आणखी दीड लाख धरा. ७ हजारांच्या गतीने ते भरून यायला तीन वर्षं लागतात. तिने नोकरी शोधायला सहाऐवजी बारा महिने घेतले, तर विचारूच नका.

याचा अर्थ जाऊ नका असा नाही. तीन वर्षांनी त्याचा पगार कुठे असेल, तिला त्या शहरात जास्त संधी आहेत का, हेही याच कागदावर यायला हवं. फक्त ते दोघांनी समोरासमोर बसून लिहावं. तिच्या नोकरीचा शोध ऑफर स्वीकारण्याआधीच सुरू व्हायला हवा, सामान उतरल्यावर नाही.

आजी-आजोबांची गोष्ट पैशांपुरतीही नाही. त्यांच्यापैकी कुणाचं दुखणं निघालं की नागपूर-पुणे फेऱ्या वाढतात, ऐनवेळची तिकिटं काढावी लागतात. वर्षाची एक रक्कम त्यासाठी वेगळी ठेवा.

स्वस्त भाड्याच्या मागे धावणं

वाघोलीत भाडं कमी म्हणून घर घेतलं आणि ऑफिस हिंजवडीला, म्हणजे शहराची दोन टोकं. वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये आणि रोजचे काही तास रस्त्यात जातात. घर पाहायला सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेत जा, रविवारी दुपारी नाही. सोसायटीत पाण्याचे टँकर किती येतात, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा, हे वॉचमनला विचारलंत तरी कळेल.

डिपॉझिट हा खर्च नसला, तरी तेवढे पैसे अडकतात. करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची (म्हणजे भाडेकराराची) नोंदणी सक्तीची आहे आणि कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची. त्यात लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिन्यांचा आहे ते सही करण्याआधी वाचा.

नागपूरचं घर घाईने विकणं

"आता पुण्यातच घेऊ" म्हणून लगेच विकू नका. पुण्यात साधारण ७ टक्के मुद्रांक शुल्क पडतं. घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते. ६० लाखांच्या फ्लॅटवर ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. शहर मानवलं नाही म्हणून परतलात, तर नागपुरात पुन्हा तोच खर्च. शिवाय घर घेऊन २४ महिने व्हायच्या आत विकलंत, तर नफा अल्पकालीन धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो. निदान एक वर्ष भाड्याने राहा.

शाळा आणि गाडी

मूल आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागेवर शिकत असेल, तर आठवीपर्यंतचं ते मोफत शिक्षण त्या शाळेशी बांधलेलं असतं. नव्या शहरात पूर्ण फी भरावी लागेल असंच धरून चाला. गाडीचा प्रश्न पुण्यात नाही, राज्य तेच. बंगळुरू किंवा हैदराबाद असेल, तर बारा महिन्यांहून जास्त राहताना गाडीची पुन्हा नोंदणी करावी लागते आणि तिथला रोड टॅक्स भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज तुम्हालाच करायचा असतो.

आलोय, आणि पैसे पुरत नाहीत

आधी सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट काढा आणि एकदाच झालेला खर्च बाजूला करा. तो वगळल्यावर महिना भागत असेल तर घाबरू नका, जम बसायला वेळ लागतो. तरीही तूट असेल तर किराणा-भाजीत काटकसर करून ती भरत नाही, ती बहुतेक भाड्यात किंवा थांबलेल्या दुसऱ्या पगारात असते. लॉक-इन संपताच ऑफिसजवळ लहान घर बघा. परतायचंच ठरलं, तर जॉइनिंग बोनस आणि कंपनीने दिलेला स्थलांतराचा खर्च परत करायची अट किती महिन्यांची आहे ते ऑफर लेटरमध्ये पाहा, ती मुदत संपू द्या आणि शाळेचं वर्ष संपताना निघा.