लोकरीचे रंग जुळवताना आधी गडद-फिकट बघा

आमच्या परभणीत डिसेंबरात पारा घसरला की माझ्या सुया पेटीतून बाहेर निघतात. मागच्या हिवाळ्यात पुतण्यासाठी डाळिंबी स्वेटर विणायला घेतला, त्यावर बाटली-हिरवी नक्षी. गुंडे शेजारी ठेवले तर काय झकास दिसत होते! अंगात घालून पोरगं अंगणात गेलं आणि नक्षी गायब. लाल-हिरवा कितीही वेगळे असोत, दोन्ही सारखेच गडद होते.

तेव्हापासून दुकानातच गुंड्यांचा मोबाइलवर फोटो काढते आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करते. दोन्ही एकाच राखाडी छटेचे दिसले, तर नक्षीसाठी ती जोडी बाद. पट्ट्यांना चालेल.

आता प्रमाण. पैठणी डोळ्यांपुढे आणा: अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या, बुट्टी एवढीशी. दहा गुंडे लागणार असतील तर सहा मुख्य रंगाचे, तीन जोडीचे आणि एक भडक. तिन्ही सारखे घेतले की रंग भांडतात.

कुठले रंग घ्यावेत हे सुचत नसेल तर अजिंठ्याची चित्रं बघा. गेरूचा तांबडा, पिवळी माती, मातकट हिरवा, काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा; बहुतेक रंग माती-दगडातलेच, म्हणून एकमेकांशी पटतं. लाजवर्द या निळ्या दगडाचा निळा त्यात उठून दिसतो. मी विटकरी, मोहरी आणि मोतियात निळ्याच्या दोनच ओळी घालते.

मग दोन धागे एकत्र पिळून हातभर लांबून बघा. पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्याचा असला की धूपछाव दिसते, म्हणजे हलवलं की रंग बदलतो. एकाआड एक टाक्यातही रंग असेच मिसळतात. पण केशरी-निळा असा मिसळला तर लांबून मळकट दिसतो. ही जोडी रुंद पट्ट्यांतच घाला.

ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका; दुकानदार कंटाळला तरी गुंडा दारात नेऊन उन्हात बघा. लेबलवर शेड नंबरसोबत लॉट नंबरही असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर. शेड तीच पण लॉट वेगळा असला तर पाठीवर फरक दिसू शकतो. एक गुंडा जास्तच घ्या.

घरी आल्यावर वीस टाके, वीस ओळींचा तुकडा विणा. लाल किंवा गडद निळ्यासोबत पांढरा असेल तर तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबा. फडक्याला रंग लागला तर पांढरा वगळा, विशेषतः बाळंतविड्यात. तो सारखा धुवावा लागतो.

पुतण्याची नक्षी मी उसवली आणि मोतियात पुन्हा विणली. उरलेल्या हिरव्याला लिंबू-पिवळ्याची जोड देऊन सध्या टोपडं चाललंय.