मंगळागौरीच्या खेळात थॅलेसेमिया कसा सांगावा

आमचा मंगळागौरीचा ग्रुप ठाण्यातल्या नौपाड्याचा. श्रावणात आम्ही ठाणे, कळवा, कधी ऐरोली-वाशीपर्यंत सोसायट्यांच्या हॉलमध्ये खेळायला जातो. माझ्या भाचीच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आई-वडील दोघांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तातून साठणारं लोह उतरवायला रोज औषध लागतं. भाची आणि जावई दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आजाराचं एकच सदोष जनुक असलेले वाहक आहेत, हे मूल आजारी पडेपर्यंत घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मायनर माणूस धडधाकट असतो, त्यामुळे शंका येणार कुठून? तेव्हापासून हा विषय आमच्या खेळात असतो. इतर ग्रुपच्या मैत्रिणी विचारतात, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

हा विषय मंगळागौरीतच घ्या, असा माझा आग्रह आहे. ही पूजा लग्नानंतरची पाच वर्षं होते आणि बाळाचा विचारही त्याच वर्षांत चाललेला असतो. नवी सून, तिची आई, सासू, जावा, नणंदा एका सतरंजीवर बसलेल्या असतात. दवाखान्यातल्या पोस्टरसमोर या सगळ्या एकत्र कधीच उभ्या राहत नाहीत. नवरेमंडळी मात्र बाहेर चपलांपाशी गप्पा मारत असतात. यजमानीणबाईंना आधीच सांगून ठेवा, की या दहा मिनिटांसाठी त्यांना आत बोलवायचं. नाहीतर सगळं सुनेच्या माथी येतं.

मायनर ओळखणाऱ्या रक्ततपासणीचं नाव, एचबीए-टू, लोकांच्या तोंडात बसवणं हे पहिलं काम. झिम्म्याच्या टाळ्यांत ते सहज बसतं: ‘एच’ला आपली टाळी, ‘बी’ला समोरचीच्या उजव्या हातावर, ‘ए’ला पुन्हा आपली, ‘टू’ला डाव्या हातावर. सावकाश सुरुवात करून लय वाढवत न्या. समोरच्या बायकाही टाळ्या धरतात. पुढे पिंग्यासारखं सासर-माहेरचं सवाल-जवाब घ्या. आमच्या ओळी अशा:

सासर: लेक तुमची फिकट फार, पालेभाजी खाईना गं
माहेर: पालेभाजी रोज खाते, फिकटपणा जाईना गं
सासर: मग काय बाई करावं, कोडं काही सुटेना गं
माहेर: एच-बी-ए-टू बघून घ्या, त्यावाचून कळेना गं

यातलं फिकटपणाचं कडवं मुद्दाम घातलं आहे. मायनरचं हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, तांबड्या पेशी लहान असतात, आणि कित्येक जणी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेत राहतात. गाणं बसवल्यावर एकदा पॅथॉलॉजिस्टला ऐकवा. सुरात बसलेली चूक फार लांब जाते.

सगळ्यात जास्त तालीम ओढण्यांच्या खेळाची करा. फेटा बांधलेली ‘नवरा’, दुसरी ‘बायको’. दोघींच्या एका खांद्यावर हिरवी ओढणी, दुसऱ्यावर तांबडी. तांबडी म्हणजे सदोष जनुक. तिसरी ‘बाळ’, तिचे डोळे बांधलेले. नवरा-बायको तिच्यासमोर एक गिरकी घेतात, म्हणजे तांबडी कुठल्या खांद्यावर ते तिला कळत नाही. मग ती दोघींकडून एकेक ओढणी ओढते. दोन्ही हिरव्या आल्या तर बाळाला काहीच नाही, एक तांबडी आली तर मायनर, दोन्ही तांबड्या आल्या तर मेजर. दोघंही मायनर असतील तर चारात एक शक्यता मेजरची, दोन मायनरच्या, एक पूर्ण निरोगी. इथे प्रेक्षकांतून हमखास कुणीतरी म्हणतं, “एकाला झालं, म्हणजे पुढची तीन सुटली.” असं नसतं, प्रत्येक गरोदरपणी तेवढीच शक्यता असते. म्हणून ओढण्या परत खांद्यांवर टाकून खेळ पुन्हा पुन्हा खेळा. लागोपाठ दोनदा तांबड्या आल्या तरी सारवासारव करू नका, त्यातूनच लोकांना नीट कळतं. शेवटी एका जोडीदाराला दोन्ही ओढण्या हिरव्या द्या. मग कितीही ओढल्या तरी मेजर येत नाही, आणि मायनर मुलीचं लग्न अडवायचं कारण नाही हे सासवांना डोळ्यांनी दिसतं.

दोघंही मायनर निघाले, तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते. हे वाक्य गाण्यात न घालता निवेदनात, शांतपणे सांगा.

आजारी मुलाला मात्र खेळात उभं करू नका, आणि सुई टोचल्याचा, रडण्याचा अभिनयही नको. माझ्या भाचीचा मुलगा प्रेक्षकांत बसून ओढण्यांचा खेळ बघतो, आणि त्याच्याकडे कुणी कीव करून बघावं हे मला चालत नाही. ‘हा सिंधी लोकांचा आजार’ असं आपल्याकडे सर्रास बोलतात. उल्हासनगर शेजारी असल्याने ते आणखीच पक्कं झालं आहे. सिंधी समाजात प्रमाण जास्त आहे हे खरं, पण माझी भाची चित्पावन आहे. निवेदनात तेही सांगा.

मुरबाड-शहापूरच्या आदिवासी पाड्यांवर जाणार असाल, तर तिथे जास्त आढळणाऱ्या सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं, आधी सांगायला हवं. तिथे आपली नऊवारी आणि आपली गाणी घेऊन जाऊ नका. तिथल्या तारपा वाजवणाऱ्यांना माहिती द्या, गाणं त्यांचं त्यांना बांधू द्या.

माईकचं एवढंच, की कॉलरमाईक फुगडीत टिकत नाही. गाणारीला उभा माईक द्या.

ओटीच्या खणात एक चिठ्ठी ठेवा: ‘एचपीएलसी पद्धतीने एचबीए-टू तपासणी, पती किंवा पत्नी एकाची, मायनर आल्यास दुसऱ्याचीही’. एचपीएलसी म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायची पद्धत. जवळच्या कुठल्या लॅबमध्ये ती होते आणि काय पडते, हे आदल्या आठवड्यात फोन करून विचारा आणि चिठ्ठीच्या मागे लिहा. फराळाच्या वेळी कुणीतरी हळूच जवळ येऊन म्हणते, “माझंही हिमोग्लोबिन कधी वर येत नाही हो.” तिला तिथल्या तिथे निदान सांगू नका. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा जुना रिपोर्ट घरी असेल तर तो आणि ही चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगा, आणि नवऱ्यालाही सोबत ने म्हणावं.