राजकीय विडंबनातला मतदार कसा लिहावा

टीव्हीवरच्या राजकीय स्किटमध्ये नेत्याचं पात्र बहुधा जमून जातं. फसतो तो मतदार. एक तर तो बावळट निघतो, नाहीतर संतासारखा शहाणा. लेखक त्याच्या हातात मत देतो, पण त्यामागचं कारण द्यायचं विसरतो.

म्हणून संवाद लिहायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. या माणसाला या आठवड्यात नेमकं काय हवंय? आणि तो ज्याला मत देतो त्याच्याकडून आजवर त्याच्या पदरात काय पडलंय? उत्तर ‘विकास’ किंवा ‘बदल’ आलं तर पुन्हा बसा. ‘सकाळची सहाची बस’ चालेल.

समजा, सभेत एक बाई विचारते, “सहाची बस परत कधी चालू होणार?” नेता वाहतुकीच्या भवितव्यावर बोलू लागतो. ती म्हणते, “हो, पण सहाची?” नेता आणखी दहा वर्षं पुढे जातो. तिसऱ्या वेळी ती बोलत नाही, फक्त घड्याळ बघते. कॅमेरा तिच्या मनगटावर ठेवा, भाषण मागे चालू द्या. हशा नेत्यावर जातो. चौथ्यांदा विचारायला लावलंत तर तीच हेकट वाटू लागते.

शेवटी ती त्यालाच मत देते असं दाखवायचं असेल तर जरूर दाखवा. पण सासूचं अडकलेलं पेन्शन त्याच्याच माणसाने सोडवून दिलं होतं, ही एक ओळ सुरुवातीलाच पेरून ठेवा. ती नसेल तर प्रेक्षक बाईला मूर्ख ठरवून मोकळा होतो. ती असेल तर हक्काची गोष्ट उपकार म्हणून का मिळते, हे त्याला टोचतं. या प्रकारच्या लिखाणात आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच ओळ.

बीबीसीच्या ‘द थिक ऑफ इट’ (२००५) या राजकीय विडंबन मालिकेत मंत्री फोकस ग्रुपमधल्या (मत अजमावायला जमवलेल्या मोजक्या लोकांमधल्या) ज्या ‘सामान्य’ बाईच्या मतावर धोरण बेततो, ती अभिनेत्री निघते. तिथे हसं मतदाराचं होत नाही, मतदार कधी न भेटलेल्यांचं होतं.

रस्त्यावरच्या बाइटमध्ये, म्हणजे वाटसरूंना कॅमेऱ्यासमोर विचारून घेतलेल्या उत्तरांत, मात्र घोळ एडिटिंगच्या टेबलावर होतो. २०१३ मध्ये अमेरिकी टीव्ही सूत्रसंचालक जिमी किमेलच्या कार्यक्रमात लोकांना विचारलं होतं, ‘ओबामाकेअर’ बरा की ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’? अमेरिकेतला आरोग्यविम्याचा कायदा एकच, नावं दोन. कॅमेऱ्यासमोर “माहीत नाही” म्हणायला माणूस कचरतो, आणि प्रश्नातच चुकीचं गृहीतक असेल तर भिडेपोटी मान डोलावतो. तेव्हा चाळीस जणांना विचारून सहा दाखवणार असाल, तर बरोबर उत्तर देणारा त्यात एक तरी ठेवा. प्रश्न विचारला तसाच ऐकवा. उत्तराआधीची शांतता लांबवू नका. त्या दोन जादा सेकंदांत विचार करणारा माणूस मठ्ठ दिसतो.

बोलीचं म्हणाल तर तालमीत तेच वाक्य प्रमाण भाषेत वाचून बघा. हसू आलं नाही तर आधीचा हशा उच्चारावर होता, राजकारणावर नव्हता. वाक्य नव्याने लिहा.

गर्दीच्या प्रसंगात ‘जनता’ एका सुरात बोलवू नका. तिघं पुरेत, पण तिघांची गरज वेगळी हवी, आणि एकाची गरज भागली की दुसऱ्याची अडली पाहिजे.