हायकोर्टाच्या निकालावर टिपण कसं लिहावं

निकाल आधी मिळवा. बातमी नको, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी चार ओळींची 'समरी' नको, सुनावणीत न्यायमूर्तींनी तोंडी मारलेले ताशेरे तर मुळीच नकोत. 'हायकोर्टाने फटकारले' हा मथळा बहुतेक वेळा तोंडी शेऱ्यांवर बेतलेला असतो, आणि सही झालेल्या आदेशात त्यातलं एक अक्षरही सापडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या वेबसाइटवरून पीडीएफ उतरवून घ्या. २०२३ पासून निकालांना न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयाने स्वतःच दिलेला ओळख क्रमांक, मिळतं. त्यात 'एएस' असेल तर अपील शाखा, 'ओएस' असेल तर मूळ शाखा आणि शेवटी 'डीबी' असेल तर दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ. हा क्रमांक टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात द्या.

वाचायला शेवटच्या पानापासून सुरुवात करा. याचिका मंजूर झाली, फेटाळली की नुसती 'निकाली काढली', हे आधी कळायला हवं. निकाली काढली म्हणजे प्रकरण संपवलं, फेटाळली नव्हे. मराठी वर्तमानपत्रं हे दोन शब्द अदलून-बदलून वापरतात आणि वाचकाला हरलेला माणूस जिंकल्यासारखा वाटतो.

आता खरी अडचण. मी स्वतः तिथेच तोंडावर आपटलो आहे.

निकालपत्रात एकच आवाज नसतो. अर्जदाराचे वकील बोलतात, सरकारी वकील बोलतात, मधेच सुप्रीम कोर्टाच्या जुन्या निकालातली दोन पानं येतात, त्या दोन पानांत आणखी जुन्या खटल्यातले वकील बोलत असतात, आणि या गर्दीत न्यायालय स्वतः कुठेतरी सात-आठ परिच्छेद बोलतं. कायदा असतो तो फक्त त्या सात-आठ परिच्छेदांत, तोही सगळ्यांत नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी शिक्षकांच्या पेन्शनच्या एका याचिकेवर मी टिपण लिहिलं. 'न्यायालयाने स्पष्ट शब्दांत म्हटले आहे की' अशी दणक्यात सुरुवात केली आणि १४ व्या परिच्छेदातलं एक सुरेख वाक्य उचललं. दुसऱ्या दिवशी शिवाजीनगर कोर्टातल्या एका ज्येष्ठ वकिलांचा फोन आला. "सर, बाविसावा परिच्छेद वाचलात का?" नव्हता वाचला. माझं ते सुरेख वाक्य अर्जदाराच्या वकिलांचं होतं आणि न्यायालयाने ते २२ व्या परिच्छेदात अमान्य केलं होतं. वर्गात पोरांना मी हेच शिकवत होतो, ही लाज वेगळीच.

चूक होते कशी, ते सांगतो. युक्तिवाद सुरू होतो तेव्हा 'सबमिटेड', 'कंटेंडेड' असे शब्द असतात. दीड पानानंतर ते गळून पडतात आणि वकिलाचं म्हणणं सरळ विधानासारखं दिसू लागतं. म्हणून प्रिंट काढा. पडद्यावर हे काम होत नाही, कोणी कितीही सांगो. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने लिहा: कोण बोलतंय? अर्जदार, सरकार, जुना निकाल, कोर्ट. चाळीस पानांना तासभर लागतो. तो तास वाचवणाऱ्या माणसाने निकालावर लिहू नये, असं माझं सरळ मत आहे.

मग 'कोर्ट' अशी खूण असलेले परिच्छेद घ्या आणि त्यातून रेशो वेगळा काढा. रेशो म्हणजे ज्या कायदेशीर विधानावर निकाल उभा आहे ते विधान. बाकीचं ऑबिटर, म्हणजे जाता जाता केलेलं भाष्य. वॉम्बॉ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकात सुचवलेली कसोटी अजून कामाला येते. विधान उलटं करून बघा. निकाल तोच राहिला तर ते ऑबिटर. निकालही उलटला तर तो रेशो असण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणतो, कारण एकाच निकालाला दोन स्वतंत्र आधार असले की ही कसोटी फसते.

उदाहरण सगळ्यांना आठवणारं घेतो. १९ जानेवारी २०२१ चा नागपूर खंडपीठाचा 'स्किन टू स्किन' निकाल. आरोपीला सोडून दिलं, असं तेव्हा कित्येकांनी लिहिलं. शेवटचं पान पाहिलं असतं तर कळलं असतं की पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम ८ मधून (कलम ७ मधल्या गुन्ह्याची शिक्षा) तो सुटला होता, पण भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ (विनयभंग) खाली त्याला दोषी ठरवून शिक्षा दिली होती. आता कसोटी लावा. पॉक्सोच्या कलम ७ मधल्या शारीरिक संपर्कासाठी त्वचेचा त्वचेला स्पर्श व्हावा लागतो, हे विधान उलटं केलं की कलम ८ चा निकालही उलटतो. म्हणजे हा रेशोच. ऑबिटर म्हणून त्याच्यावर पांघरूण घालता येत नाही, टीका करायची ती इथेच. सुप्रीम कोर्टाने १८ नोव्हेंबर २०२१ ला नेमका हाच अर्थ मोडून काढला आणि लैंगिक हेतू महत्त्वाचा ठरवला.

टीका करताना न्यायमूर्तींचा स्वभाव, नेमणूक, जुनी भाषणं यांत शिरू नका. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चं कलम ५ अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका करू देतं. माणसावर चिखलफेकीची सोय त्यात नाही. आणि टीका मवाळ हवी असंही नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदा-प्राध्यापकांनी पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या मथुरा खटल्याच्या निकालाबद्दल सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सुप्रीम कोर्टाने सोडलं होतं. पत्राने मुख्यतः बोट ठेवलं ते इथे: मुकाट्याने शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही लिहू नका. निकालात चुकून नाव राहिलं असलं, तरी तुम्ही लिहू नका. गाव, शाळा, नातं यांवरूनही ओळख पटते.

भाषा मराठी ठेवा, पण 'रेशो'ला ओढूनताणून प्रतिशब्द शोधू नका. एकदा अर्थ सांगा आणि पुढे चला.

प्रसिद्ध करण्यापूर्वी सुप्रीम कोर्टात काय झालं ते बघा. विशेष अनुमती याचिका (सुप्रीम कोर्टाकडे अपिलाची परवानगी मागणारी) कारण न देता फेटाळली गेली, तर 'सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब' असं लिहू नका. तसा अर्थ होत नाही, हे सुप्रीम कोर्टानेच २००० मध्ये कुन्हयम्मद खटल्यात सांगितलं आहे. आणि टिपणावर तारीख टाकाच. वर सांगितलेल्या नागपूरच्या निकालाला आठ दिवसांत, २७ जानेवारीला स्थगिती मिळाली होती. त्या आठवड्यात घाईने लिहिलेली, तारीख नसलेली टिपणं माझे विद्यार्थी अजून प्रोजेक्टला जोडून आणतात.